साइड मार्जिन

दुखूराम मिस्त्रीने छिन्नी भिंतीला टेकवली
आणि विचारलं, "नक्शा पास हाय का, ताई?"
मी म्हटलं, बाथरूमचा कायचा नकाशा बाप्पा,
टाइल्सच तर बदलायच्या.
"टाइलचं कोणी पुसत नाही.
नळ बदला, आरसा लावा, रंग मारा,
पण ही भिंत नऊ इंची हाय.
वरचा अख्खा स्लॅब हिच्या खांद्यावर."

बाबांची चाकाची खुर्ची सत्तावीस इंच.
दरवाजा चोवीस.

तीन इंचांसाठी मी नवतपात
झोन ऑफिसच्या दुसऱ्या माळ्यावर उभी,
कूलर फक्त फायलींकडे तोंड करून.
निखाडे साहेबांनी माझा कागद उलटा धरला, मग सुलटा.
"कमोड बसवता? बसवा.
बाजूनं धरायला दांडी लावता? लावा,
इतवारीतून आणा, लोहाओळीतून, पोकळ घेऊ नका.
भिंतीला हात लावता, तर इंजिनिअरची सही, अर्ज, नकाशा.
अन् बाहेर एक वीत जरी सरकले
तर ती जागा तुमची असून तुमची नाही.
साइड मार्जिन आहे ती, मॅडम."

मंजूर नकाशा ट्रंकेत सापडला,
लग्नातल्या शालूच्या खाली,
फिका निळा, घड्यांवर चिरलेला.
बैठक. स्वयंपाक. दोन खोल्या.
मागे अंगणाच्या टोकाला संडास.
न्हाणीघर कुठंच नाही.
जिथं मी शाळेत जायच्या आधी थंडीत कुडकुडले,
जिथं बारावीचा निकाल लपवून रडले,
तिथं बारीक अक्षरात:
मोकळी जागा.

बाबांना विचारलं.
त्यांचे शब्द आता डाव्या बाजूनेच येतात,
एकेक, बऱ्याच वेळानं.
"आई."
दुपारी, "नळ."
दुसऱ्या दिवशी भात खाताना, "डोर्लीकर."
मला जुळवायला आठवडा लागला.

अंगणातल्या नळावर आई न्हायची,
पहाटे चारला, लुगडं अंगावरच ठेवून,
डोर्लीकरांच्या गच्चीत दिवा लागायच्या आत.
मग एका दिवाळीचा बोनस आला,
आणि गिरणीतले दोन दोस्त घेऊन बाबांनी
शुक्रवारच्या रात्रीपासून सोमवारच्या भोंग्यापर्यंत
चार बाय सहाचा आडोसा उभा केला.
घराच्या भिंतीत दार पाडलं, मापाची चौकट ठोकली,
आतून कडी.
डोर्लीकर काकांनी वरून पाहिलं.
सकाळी कुंपणावरून अर्धी गोणी सिमेंट दिलं
आणि गच्चीची ती बाजू पत्र्यानं बंद केली.

हे सगळं मी निखाडे साहेबांना सांगू लागले.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"थांबा मॅडम, मले सांगू नका.
सांगितलं तर लिहा लागते."
मग फॅनकडे पाहत:
"चौकट मोजली का तुमच्या मिस्त्रीनं?
चौकट भिंतीत धरत नाही."

दुखूराम हसला, दीड तास हसत होता.
सागवानी चौकट निघाली, दोन्ही बाजूंनी अडीच अडीच इंच.
भिंतीचा एक कपचाही पडला नाही.
खुर्ची आत गेली, कोपर न घासता.

फक्त आता दार नाही.
कडीही नाही.
आईच्या जांभळ्या पातळाचा पडदा लावलाय,
हवा आली की तो आत बाहेर होतो.

पहिल्या दिवशी मी बादली घेऊन सरळ आत शिरले.
बाबांनी डावा हात वर केला,
ट्रॅफिकवाल्यासारखा.

आता मी बाहेर उभी राहते, खांद्यावर टॉवेल.
"बाबा, येऊ?"
कधी "ये" लगेच येतं.
कधी पाण्याचा आवाज, तांब्या पडल्याचा आवाज,
मग काहीच नाही.
गॅसवर दूध असतं, ऑफिसची बस असते.
मी पडद्याला हात लावत नाही.